धारेची वेळ चुकत नाही, मग निजेची का?

‘झोप आली की बाळ झोपतं. त्याला कसलं आलंय वेळापत्रक?’ नगर जिल्ह्यात कुठल्याही ओट्यावर विषय काढा, हे उत्तर ठरलेलं. पाठोपाठ दोन पुरवण्या. हे रुटीनचं खूळ शहरातल्या, मोबाइल बघून मूल वाढवणाऱ्यांचं. आणि कष्टकऱ्याच्या घरात घड्याळ लावून मूल निजवायला सवड कुणाला?

सवडीचं आधी पाहू, आणि त्यासाठी याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाला जाऊ. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे गाव दुष्काळाने रिकामं होत चाललं होतं. आज तिथली घरं शेतीइतकीच दुधावर चालतात. दूध म्हटलं की वेळ आली. पहाटेची धार, संध्याकाळची धार, संकलनाची वेळ. धारेला उशीर झाला की गाय पान्हा चोरते, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे वेळ पाळणं या घरांना नवं नाही. वेळ कुणाची पाळायची, एवढंच ठरलेलं आहे.

आता ‘शहरी खुळा’चं. तेलाने मालीश, कढत पाण्याची आंघोळ, शेक, मग दुपट्यात गुंडाळून पाजणं आणि जुन्या लुगड्याच्या झोळीत अंगाई. बाळंतिणीच्या घरात हा क्रम एका दिवसासाठी तरी कुणी मोडू देतं का? अमेरिकेत २००९ साली ४०५ मायलेकरांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रात्री निजण्याआधी आंघोळ, मालीश आणि शांतपणे जवळ घेणं एवढंच रोज त्याच क्रमाने करायला सांगितलं. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली, आयांची मनःस्थितीही सुधारली. (पैसा बाळांची तेलं-साबण विकणाऱ्या कंपनीचा होता, तेव्हा हा अभ्यास हातचा राखून वाचावा.) आपल्या आज्या हेच सकाळच्या निजेसाठी करत आल्या. परकं काही असेल तर ते रात्रीची नीज वाऱ्यावर सोडणं.

‘पूर्वी मुलं आपोआप झोपायची’ हेही फार ऐकलं. पूर्वी म्हणजे कधी? मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची गोळी चाटवून कामावर जात. कामगारांविषयीच्या शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात ही गोष्ट नोंदवली आहे. त्या बायांना दोष द्यायला जीभ रेटत नाही. मूल सांभाळायला कुणी नव्हतं. पण त्या शांत झोपेला निसर्ग म्हणू नये.

इथवर वाचून घड्याळवाले खूश झाले असतील, तर त्यांनाही सोडायचं नाही. सात म्हणजे सात, रडलं तर रडू द्या, असा त्यांचा खाक्या. अमेरिकी डॉक्टर होल्ट यांनी १८९४ साली असल्या शिस्तीचं पुस्तक लिहिलं. तिथून हा पंथ चालत आला. पण तान्ह्याला रात्र-दिवस कळायलाच पहिले दोन-तीन महिने जातात. त्याला आठवड्याभरात वळण लावू पाहणारा स्वतःच जागा राहतो. शिवाय प्रत्येक मुलाची झोप वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेले आकडेच पाहा: चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसा-रात्रीची मिळून १२ ते १६ तास झोप, एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४. तीन-चार तासांची ढील आहे त्यात.

मग वेळ पाळायची की नाही? हिवरे बाजारात पाण्याचं जसं करतात, तसं करावं. तिथे पडलेला पाऊस मोजतात, माणसा-जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात, उरलेल्यात कोणतं पीक बसेल ते ग्रामसभा ठरवते. ऊस-केळीला परवानगी नाही. पाऊस घटला की पीक बदलतं, पण ताळेबंद मांडणं सुटत नाही. मुलाची झोपही आधी आठवडाभर नुसती पाहावी: कधी डोळे चोळतं, किती वेळ निजतं. रात्रीची झोप आधी राखावी आणि दिवसाच्या डुलक्या तिच्या हिशेबाने बसवाव्यात. दीड वर्षाच्या आसपास दोनाची एक डुलकी होते, तेव्हा ताळेबंद पुन्हा मांडावा.

खरी अडचण संध्याकाळी आहे. पाच वाजले की आई गोठ्यात, मूल पायात. ते मध्ये येऊ नये म्हणून झोळीत टाकतात, झोके देतात, ते सातपर्यंत निजतं. मग रात्री अकराला टक्क जागं, आणि पहाटे धारेला उठणारी आई अर्धमेली. ‘पोरगं रात्रीचं झोपतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा या दोन तासांत तयार होते. तिन्हीसांजेला झोपू नये, लक्ष्मी परत जाते, असं म्हातारी माणसं सांगत. लक्ष्मीचं ती जाणे. झोपेच्या दृष्टीने सल्ला चोख होता. दुपारचं निजणं तीन-साडेतीनला आटोपावं. पुढे दिवाबत्ती, शुभंकरोती, जेवण, अंग पुसणं, मंद उजेडात एखादी गोष्ट, की अंथरूण. शेताला रात्रीच्या विजेची पाळी असो की घरात लग्न असो, वेळ तासभर सरकली तरी चालेल. हा क्रम मात्र मोडू नये. मुलाला घड्याळ कळत नाही, ‘आता यानंतर काय’ हे बरोबर कळतं.

पण मग पाच ते सात मूल घ्यायचं कुणी? बापाने, आजोबाने. दूध घालून पारावर बसायला त्यांना सवड असते. ज्या घरी कुणीच नाही त्यांच्यासाठी गावाने अंगणवाडीची खोली त्या दोन तासांपुरती उघडावी आणि सांभाळणारीला मोबदला द्यावा. हा घरातला प्रश्न, त्यात ग्रामसभा कशाला, असं म्हणणाऱ्यांनी हिवरे बाजारचीच पंचसूत्री पाहावी. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदानाच्या शेजारी तिथे नसबंदीही आहे. लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी करायची, हेही या गावाने ठरवलं. घरात पाळणा किती वेळा हलावा याचा विचार ग्रामसभेने केला, तर तो संध्याकाळी पाच वाजता कुणी हलवायचा हा विषय तिच्या कक्षेबाहेरचा कसा?