बाळूंचे कार्ड

१९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रकार्डे निघत. भंडाऱ्याच्या पोरांनीही ती वेड्यासारखी जमविली. ही चाल मूळची परदेशातली. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची कार्डे येत. त्यात नामवंत होते, तसेच पोटासाठी संघ बदलत चेंडू फेकणारेही होते. होनस वॅग्नर या खेळाडूचे त्यातले एक कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकले गेले. बोटभर पुठ्ठा तो!

त्याच १९११ साली आपला एक गोलंदाज इंग्लंड गाजवीत होता. बाळू पालवणकर. चर्मकार समाजातले, जन्म १८७६, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर रूळ ओढायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. फलंदाजी मात्र वाट्याला नाही. पुढे हिंदूंच्या संघात घेतले, कारण गोऱ्यांना हरवायचे होते. मैदानात हातात चेंडू द्यायचा आणि चहाची वेळ झाली की बाहेर उभे करून मातीच्या कपात चहा द्यायचा, ही तऱ्हा. १९११ च्या दौऱ्यात भारताचा संघ २३ पैकी १५ सामने हरला. बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. तरी हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची नेमणूक कधी झाली नाही. तो मान १९२३ साली धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाला.

यंदा विहारातल्या मुलांकडून आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून अशी कार्डे करविली. पहिले कार्ड बाळूंचे. ते पाहून वस्तीतले एक वयोवृद्ध बाबा उसळले, "ज्यानं बाबासाहेबाच्या विरोधात फारम भरला, त्याले विहारात कायले आनता?"

बाबांचे म्हणणे खोटे नाही. बाळू १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत होते, स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात होते. १९३७ साली मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांसमोर उभे केले आणि ते सुमारे दोन हजार मतांनी पडले. आपल्याच माणसाला आपल्यासमोर उभे करण्याचा हा डाव भंडारेकरांना कुणी समजावून सांगायला नको. १९५४ च्या पोटनिवडणुकीत इथेच बाबासाहेबांचा पराभव झाला. घरोघरच्या म्हाताऱ्यांना तो अजून सलतो.

पण तरुण भीमराव ज्यांचा अभिमान बाळगीत, त्यांत हेच बाळू होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा लिहितात. मग काय करावे? आम्हाला कार्ड फाडणेही पटेना आणि १९३७ साल गाळणेही पटेना. मुलांना अर्धेच सांगितले, तर उरलेले दुसरा कुणी त्याच्या सोयीने सांगेल. म्हणून मागच्या बाजूला बळींच्या खाली करार आणि निवडणूक, दोन्ही ओळी लिहविल्या. सातवीतल्या मुलीचे अक्षर चांगले, तिनेच लिहिल्या.

बाबांनी चष्मा लावून कार्ड उलटसुलट पाहिले. निवडणुकीच्या ओळीवर मान हलविली. मग ११४ वर बोट ठेवून मुलीला विचारले, "हे समदे गोरेच होते का गं?"