कंपनी गुंडाळण्याचा वाद; वकिलाची फी कोणाच्या खिशातून?

हिंगोलीत हळद उत्पादकांच्या शेतकरी कंपन्या आहेत. १० शेतकरी जमले की अशी कंपनी काढता येते. पण भागधारकांतच फाटले तर?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम २७१ नुसार ‘न्याय्य व उचित’ कारणावरून कंपनी गुंडाळण्याची मागणी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे करता येते. त्यासाठी मुंबई गाठायची. खर्च कोणावर टाकायचा, हे न्यायाधिकरण ठरवते, तेही निकालावेळी. तोवर तक्रारदार पदरमोड करतो. संचालकांनी मात्र कंपनीच्या पैशातून वकील लावला, तर त्या फीतही तक्रारदाराचा वाटा असतो! हे चूकच. इंग्लंडच्या न्यायालयांनी भागधारकांच्या आपसांतील भांडणात कंपनीचा पैसा वापरणे कधीच गैर ठरवले आहे.

उत्पादक कंपनीच्या कारभारावरील वादांसाठी कायद्यानेच सलोखा किंवा लवादाचा स्वस्त रस्ता दिला आहे. आधी तो धरावा. आणि वकिलाची फी कोणत्या खात्यातून गेली, हे वार्षिक सभेत जरूर विचारावे.