घरी पाठवायची एक कृष्णधवल प्रिंट

आपल्या फोटोग्राफी क्लबने यंदा नवा कॅमेरा मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महागडा फोटो प्रिंटरही मागू नये. मागायचेच असेल तर ए-४ आकाराच्या वीस मॅट फोटो पेपरचे एक पाकीट मागावे आणि ऑफिसातल्या इंक टँक प्रिंटरवर रविवारचा एक तास मागावा. एवढ्या सामग्रीवर क्लबच्या प्रत्येक सदस्याने सत्र संपण्याआधी एक कृष्णधवल प्रिंट स्वतः तयार करावी आणि ती घरच्या पत्रातून पाठवावी.

आज आपल्याकडे फोटोंना तोटा नाही. क्रीडादिन, आंतरहाऊस ड्रिल, पासिंग आउट, प्रत्येक प्रसंगी शेकडो फोटो निघतात. त्यातले बहुतेक संगणकाच्या एका फोल्डरमध्ये पडून राहतात. थोडे पालकांच्या ग्रुपवर जातात, आणि जाताना त्यांचा आकार बराच घटतो. मग घरी आई तो फोटो दोन बोटांनी ताणून तिसऱ्या रांगेतला आपला मुलगा शोधते, आणि चेहऱ्याच्या जागी तिला चौकोनी ठिपके दिसतात. सत्रात कॅडेटजवळ फोन नसतो, त्यामुळे त्याच्याकडे तेवढेही नसते. दोन-तीन वर्षांत घरचा फोन बदलतो आणि जुने फोटो त्याच्याबरोबर जातात.

याउलट सातारा-कोल्हापूरकडच्या कित्येक घरांत आजही भिंतीवर वर्दीतल्या आजोबांचा किंवा पणजोबांचा कृष्णधवल फोटो आहे. तो गावाजवळच्या किंवा छावणीतल्या एखाद्या स्टुडिओत काढलेला असतो. त्याची कोणी वेगळी प्रत जपून ठेवलेली नसते. कागदावर नीट उमटवला, नीट धुतला आणि काचेमागे लावला, एवढ्यावर तो टिकला. तुमच्या नातवंडांना तुमचा असा एखादा फोटो मिळणार आहे का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

मग कृष्णधवलच का? काही जण म्हणतील की जग रंगीत आहे, तर रंग का टाकून द्यायचे? रंगांशी माझे वैर नाही. पण शिकणाऱ्याने एका वेळी एक गोष्ट हाताळावी. रंगीत प्रिंट नीट यायची तर पडदा, प्रिंटर आणि कागद यांचे रंग एकमेकांशी जुळवावे लागतात. त्यासाठी मोजणारे उपकरण लागते आणि बरेच कागद वाया जातात. कृष्णधवल प्रिंटमध्ये मुख्यतः उजेड आणि अंधार यांच्यामधल्या पायऱ्या सांभाळायच्या असतात. ते काम डोळ्यांनी आणि चिकाटीने साधते.

दुसरे कारण नजरेचे आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागतीच्या दस्तऐवजावर लेफ्टनंट जनरल नियाझी सही करत आहेत आणि शेजारी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा बसले आहेत, हा फोटो आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. मागे अधिकाऱ्यांची दाटी आहे, तरी नजर थेट सही करणाऱ्या हाताकडे जाते. त्यात रंग हवा होता असे कोणाला वाटत नाही. होमाई व्यारावाला यांचेही उदाहरण घ्या. त्या १९१३ साली नवसारीत जन्मल्या, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी कृष्णधवलमध्येच टिपली. रंगाचा आधार नसला की प्रकाश कुठून येतो, चेहरा कुठे उठून दिसतो, मागची गर्दी कुठे अडथळा करते, हे छायाचित्रकाराला बघावेच लागते. ही सवय पुढे रंगीत फोटोतही उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष काम. मूळ फाइल कॅमेऱ्यातूनच घ्यावी, ग्रुपवरून उतरवलेली घेऊ नये. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने ए-४ कागदाला ३५०८ गुणिले २४८० पिक्सेल लागतात. बारा मेगापिक्सेलचा साधा कॅमेराही ४००० गुणिले ३००० पिक्सेल देतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. म्हणून पालकांनाही माझी विनंती आहे की मुलाला छंद लागला म्हणून लगेच महागडा कॅमेरा घेऊन देऊ नका. क्लबचा जुना कॅमेरा पुरेसा आहे.

फोटो काढताना वेळ बघावी. दुपारच्या उन्हात टोपीच्या कडेखाली डोळे काळे पडतात आणि पी.टी.चा पांढरा पोशाख कोरा दिसतो. जिथे पांढऱ्या कापडाच्या चुण्या फाइलमध्येच गेल्या, तिथे प्रिंटर काहीच छापत नाही, नुसता कागद दिसतो. सकाळच्या पी.टी.च्या वेळचा तिरपा प्रकाश आपल्याला रोज फुकट मिळतो. त्याचा उपयोग करावा. आवारात कुठे कॅमेरा चालतो आणि कुठे नाही, याचे नियम अर्थातच आधी विचारून घ्यावेत.

रंगीत फाइल कृष्णधवल करताना बहुतेक जण एक बटण दाबून मोकळे होतात. इथेच फोटो बिघडतो. परेडचे उदाहरण घ्या. ऑलिव्ह ग्रीन गणवेशावरचा लाल सॅश रंगीत फोटोत ठळक दिसतो. बटण दाबले की लाल आणि हिरवा जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरतात आणि सॅश गणवेशात विरून जातो. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोनो मिक्सर नावाचे साधन आहे. त्यात लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण आपण ठरवतो. लाल वाढवला की सॅश उजळतो, गणवेश गडद राहतो आणि निळे आकाशही गडद होते. चेहऱ्याची त्वचा उजळ आणि नितळ दिसते. निळ्याचे प्रमाण वाढवले तर त्वचा काळवंडते आणि तिच्यावरचा प्रत्येक डाग उठून दिसतो. कोणते प्रमाण योग्य, हे फोटोवर ठरते. तो निर्णय घ्यायला शिकणे हाच अभ्यास आहे.

पुढची अडचण पडद्याची. 'पडद्यावर छान दिसत होता, प्रिंट काळी आली,' ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. बहुतेक वेळा पडदा फार उजळ ठेवलेला असतो. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, शेजारी ट्यूबलाइटच्या उजेडात कोरा कागद धरावा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत पडद्याचा उजेड कमी करावा. खर्च शून्य, आणि पुढचे कितीतरी कागद वाचतात.

त्यानंतर प्रिंटरची ओळख करून घ्यावी. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा-दहा टक्क्यांनी गडद होत जाणारे अकरा चौकोन फाइलमध्ये तयार करून छापावेत. मॅट कागदावरचा काळा चकचकीत कागदाइतका खोल नसतो, त्यामुळे शेवटचे दोन-तीन चौकोन एकमेकांत मिसळलेले दिसू शकतात. कुठपासून मिसळतात ते लिहून ठेवावे. टोपीखालची सावली किंवा काळ्या केसांचा पोत दिसायला हवा असेल, तर फाइलमध्ये तो भाग त्या मर्यादेपेक्षा उजळ ठेवावा लागतो.

शाईचेही दोन मार्ग आहेत. अनेक इंक टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात. सेटिंगमध्ये फोटो पेपर निवडला की असे प्रिंटर बहुधा करड्या छटा रंगीत शाया मिसळून बनवतात. प्रिंट मऊ दिसते, पण तिला हिरवट किंवा गुलाबी झाक येऊ शकते, आणि ती झाक खिडकीजवळ वेगळी, ट्यूबखाली वेगळी भासते. साधा कागद आणि ग्रेस्केल निवडले तर बहुधा फक्त काळी शाई वापरली जाते. झाक येत नाही, मात्र गालावर किंवा आकाशात बारीक ठिपके दिसतात. हातभर अंतरावरून ते फारसे जाणवत नाहीत. पिगमेंटची शाई उजेडात आणि दमट हवेत डायपेक्षा जास्त टिकते, म्हणून माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. पण दोन्ही मार्गांनी एकच पट्टी छापून, दिवसा आणि रात्री शेजारी ठेवून बघावी आणि मगच ठरवावे. चकचकीत कागदावर ही काळी शाई नीट बसत नाही, बोटाला लागते. मॅट कागद घेण्याचे तेही एक कारण आहे.

काटकसरीचे खरे साधन म्हणजे चाचणी पट्टी. जुन्या डार्करूममध्ये मोठा कागद वापरण्याआधी छोट्या पट्टीवर वेगवेगळ्या वेळा उजेड देऊन बघत. तीच रीत इथे चालते. फोटोतला असा एक तुकडा निवडावा की ज्यात चेहरा, पांढरे आणि काळे हे तिन्ही येतील. एका ए-४ कागदावर असे आठ तुकडे कमी-जास्त उजळ करून मांडावेत. छापल्यावर शाई वाळू द्यावी, मग निवड करावी आणि निवडलेला आकडा वहीत टिपावा.

बारा सदस्यांच्या क्लबचा हिशेब असा बसतो. चार कागद चाचणीला, म्हणजे बत्तीस पट्ट्या. बारा कागदांवर प्रत्येकाची एक ए-४ प्रिंट, मेसकडे जाणाऱ्या व्हरांड्यात लावण्यासाठी. उरलेल्या चार कागदांवर प्रत्येकी चार, अशा पोस्टकार्डाएवढ्या सोळा प्रिंट्स. बारा घरच्या पत्रात, चार शिल्लक. एकूण वीस. पाकीट एवढेच असले की कोणी विचार न करता छापायची आज्ञा देत नाही. सुट्टीवरून परतल्यावर पहिल्यांदा साध्या कागदावर नोझल तपासून घ्यावेत, कारण बंद पडलेल्या प्रिंटरमध्ये शाई वाळते. सत्र चालू असताना आठवड्याला एखादे पान छापत राहावे.

या सगळ्यावर एक आक्षेप रास्त आहे: शहरातली लॅब हे काम थोड्या पैशांत आणि लवकर करते, मग एवढी खटपट कशाला? बॅचच्या फोटोच्या शंभर प्रती हव्या असतील तर लॅबकडेच जावे. तिथे प्रकाशसंवेदी कागदावर रसायनांनी प्रिंट तयार होते आणि ती चांगली टिकते. फक्त मशीनची आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवायला सांगावे आणि आधी एकच छोटी प्रिंट काढून तिची झाक तपासावी. पण लॅबला नेमके काय सांगायचे, हे ज्याने स्वतः दहा पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या आहेत त्यालाच कळते. दुसरा आक्षेप वेळेचा. आपले वेळापत्रक भरगच्च आहे, हे इन्स्ट्रक्टर मंडळींना मी सांगायला नको. म्हणूनच रविवारचा एकच तास मागितला आहे, आणि सत्रभरात एका मुलाकडून एकच मोठी प्रिंट.

कॅडेट मित्रांनो, प्रिंट वाळली की शेवटचे काम विसरू नका. मॅट कागदाच्या मागे मऊ पेन्सिलने तारीख, जागा, प्रसंग आणि फोटोतल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव डावीकडून उजवीकडे लिहा. घरोघरी जुन्या पेट्यांत वर्दीतल्या माणसांचे असे फोटो निघतात, ज्यांतली नावे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. आणि पालकहो, पत्रातून ती प्रिंट आली की चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नका, मागे सेलोटेपही लावू नका. फ्रेम करायची तर काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची कड ठेवा आणि थेट ऊन येणार नाही अशा भिंतीवर लावा. आजोबांच्या फोटोशेजारी जागा असेल तर तिथेच.