मार्गदर्शिकेची निगा

संगणकासाठी आज्ञा अक्षरांत लिहिण्याऐवजी रंगीत ठोकळे एकमेकांना जोडावेत, या कल्पनेतून दृश्य आज्ञालेखनाची साधने निर्माण झाली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेले ‘स्क्रॅच’ हे त्यांपैकी एक सुपरिचित साधन होय. असे साधन घडवण्यास प्रतिभा लागते. ते कसे वापरावे हे सांगणारी मार्गदर्शिका अचूक राखण्यास मात्र सातत्य लागते आणि नेमके तेच दुर्मीळ असते.

स्क्रॅचच्या २०१३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत चित्रांचा रंगमंच पडद्याच्या डाव्या बाजूस होता. २०१९ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो उजवीकडे गेला आणि रेषा काढणारे ‘पेन’चे ठोकळे मुख्य यादीतून निघून वेगळ्या जोडविभागात गेले. जुनी मार्गदर्शिका हाती असलेला विद्यार्थी ते ठोकळे शोधत राहतो आणि अखेर आपल्याच बुद्धीला दोष देतो. वर्गात शिक्षक त्याला सावरतात. घरी एकट्याने शिकणाऱ्याचा शिक्षक मात्र मार्गदर्शिका हाच असतो. म्हणूनच कालबाह्य मार्गदर्शिका ही तिच्या अभावापेक्षाही घातक ठरते.

या बाबतीत बेंगळुरूचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील ‘आयटी फॉर चेंज’ ही संस्था आणि कर्नाटकचे शिक्षण खाते यांच्या सहकार्याने शिक्षकांसाठी मुक्त शैक्षणिक साधनांचा विकी-संग्रह उभा राहिला. कन्नड व इंग्रजी भाषांतील या संग्रहात जिओजेब्रासारख्या संगणकीय साधनांचीही माहिती आहे. विकीवर प्रत्येक दुरुस्तीची तारीख आणि पूर्वीचा मजकूर दोन्ही टिकून राहतात. ठोकळ्यांच्या साधनांच्या मार्गदर्शिकांसाठीही हीच रीत उपयुक्त आहे.

तथापि साठवण म्हणजे जतन नव्हे. पडद्याच्या छायाचित्रात अडकलेला मजकूर सहज शोधता येत नाही, बदलता येत नाही आणि त्याचा अनुवादही सुलभ होत नाही. म्हणून स्पष्टीकरण अक्षरांत असावे, चित्रे वेगळी ठेवावीत आणि ज्या नमुन्यावरून ती घेतली तो मूळ नमुनाही सोबत जपावा. प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक असावा. नवी आवृत्ती येताच एखाद्या नवशिक्याकडून प्रत्येक पायरी पडताळून घ्यावी. कारण जाणकाराला उणीव दिसत नाही, ती नवशिक्याला अडवते. जुनी पाने नष्ट न करता त्यांवर तशी स्पष्ट नोंद करावी. मुख्य म्हणजे हे काम एखाद्या व्यक्तीकडे नेमून द्यावे. जे सर्वांचे काम, ते कोणाचेच नसते.

मराठी परंपरेला हा विचार नवा नाही. नकला होता होता ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून संत एकनाथांनी १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः थोर ग्रंथकार असूनही त्यांनी या कामात कमीपणा मानला नाही. मार्गदर्शिकेची निगा राखणाऱ्यालाही साधन घडवणाऱ्याइतकाच मान मिळायला हवा. तसे झाले, तरच दूरच्या गावी एकट्याने शिकणाऱ्याची वाट चुकणार नाही.