तार की वाय-फाय? आधी घर पाहा

घरातले इंटरनेट तारेने जोडावे की बिनतारी ठेवावे, हा प्रश्न हल्ली कोणी विचारतच नाही. कंपनीचा माणूस येतो, राउटर भिंतीला ठोकतो, पासवर्ड सांगतो आणि निघून जातो. पुढे नेट अडखळू लागले की आपण एकच उपाय करतो, मोठा प्लॅन घेतो. माझ्या मते हे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे असे आहे. जी वस्तू जागची हलत नाही तिला तार द्यावी. जी हातात फिरते तिच्यासाठी वाय-फाय ठेवावे.

आमचे घर रायपूरच्या गोल बाजारात आहे. खाली भांड्यांचे दुकान, मागे गोदाम आणि वर आम्ही राहतो. राउटर खाली गल्ल्याजवळ आहे, कारण बाहेरची फायबर तिथूनच आत येते. वाय-फायच्या लहरींना वर पोहोचायचे तर जुन्या जाड भिंती आणि छतापर्यंत रचलेले स्टीलचे डबे, पातेली, पराती ओलांडाव्या लागतात. विटांची भिंत लहरींचा जोर कमी करते आणि धातू तर त्यांना परतवूनच लावतो. त्यात दुकानाला दुकान चिकटलेले. मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली की शेजारपाजारची वीसेक नावे दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात : १, ६ आणि ११. म्हणजे एवढ्या सगळ्यांनी तीन वाटांवरून चालायचे. ५ गिगाहर्ट्झमध्ये वाटा जास्त आहेत, पण ती लहर भिंतींपुढे लवकर थकते.

शिवाय एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. वॉकीटॉकी हातात धरलेल्या कॅडेटला हे वेगळे सांगायला नको. तारेत मात्र दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात आणि शेजाऱ्याचा आवाज मध्ये येत नाही. साध्या लॅन केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. त्या पिळामुळेच बाहेरचा गोंगाट कमी होतो. अशी चांगली केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेते. आमच्या गल्ल्यापासून वरच्या खोलीपर्यंत वीस मीटरसुद्धा अंतर नाही.

उन्हाळी सुट्टीत मी मोजून पाहिले. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. राउटरला लॅपटॉप केबलने जोडला तेव्हा ९४ मिळाले. वरच्या खोलीत वाय-फायवर दुपारी १८ आणि संध्याकाळी बाजार भरल्यावर ६. म्हणजे कंपनी देते ते घरात येते, पण जिन्यापाशीच संपते. प्लॅन २०० चा केला तरी भिंत आणि पराती त्याच राहणार.

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. माझी ताई बारावीत आहे आणि नीटची तयारी करते. तिच्या सराव परीक्षा ऑनलाइन असतात. नेट तुटले तरी घड्याळ थांबत नाही. दुकानात धनत्रयोदशीला पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी बिलाचा कॉम्प्युटर अडला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. आणि रविवारी आम्हा मुलांना घरी बोलायला दहा मिनिटे मिळतात. त्यातली तीन मिनिटे आजीचा चेहरा पडद्यावर गोठून राहिला आणि ती "अरे, ऐकू येतंय का?" एवढेच विचारत राहिली, तर ती तीन मिनिटे पुढच्या रविवारी परत मिळत नाहीत. वसतिगृहात राहणाऱ्या कोणालाही हे पटेल.

बाबा म्हणतात, "भिंतीला भोकं पाडण्यापेक्षा प्लॅन वाढवू." आजीला लोंबणाऱ्या तारा आवडत नाहीत. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, आणि छोट्या एका खोलीच्या घरात वाय-फायच पुरेसे आहे. पण आमच्यासारख्या घरात एक भोक आणि जिन्याच्या कडेने प्लॅस्टिकची पट्टी एवढ्यात काम होते. खर्च एकदाच होतो. प्लॅनचे पैसे दर महिन्याला जातात.

सैन्याच्या इतिहासातही दोन्ही बाजू दिसतात. ऑगस्ट १९१४ मध्ये टॅननबर्गच्या लढाईत रशियन सैन्याने अनेक संदेश बिनतारी यंत्रावरून संकेतलिपी न वापरता पाठवले. जर्मनांनी ते ऐकले आणि शत्रू कुठे जाणार हे त्यांना आधीच कळले. उलट पश्चिम आघाडीवर तोफगोळ्यांनी टेलिफोनच्या तारा वारंवार तुटत आणि निरोप्यांना धावावे लागे. म्हणून आपल्या कोअर ऑफ सिग्नल्ससारख्या दलाला तार आणि रेडिओ दोन्ही शिकावे लागतात. चालत्या तुकडीला तार बांधता येत नाही, आणि पक्क्या ठाण्याने फक्त हवेवर विसंबू नये. घरालाही हाच नियम लावावा.

माझा आराखडा साधा आहे. बिलाचा कॉम्प्युटर आणि ताईचा लॅपटॉप तारेवर. वर जाणाऱ्या तारेच्या टोकाला एक छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे आजीच्या मोबाइलला त्याच मजल्यावर वाय-फाय मिळेल आणि लहरींना पराती ओलांडाव्या लागणार नाहीत. केबल खऱ्या तांब्याची घ्यावी, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नको. विजेच्या तारांपासून ती थोडी दूर न्यावी. राउटर आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत, कारण वीज गेली की तारही मुकी होते.

मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की नवा प्लॅन घेण्याआधी एक काम करा. राउटरला केबल लावून वेग मोजा, मग घरातल्या सर्वांत लांबच्या खोलीत वाय-फायवर मोजा. दोन्ही आकडे एका कागदावर लिहून वडिलांसमोर ठेवा. पहिलाच आकडा कमी असेल तर कंपनीला फोन करा. पहिला चांगला आणि दुसरा कमी असेल, तर शिडी आणि ड्रिल मशीन काढा.