शेणोलीच्या रुळाकडेला

उसाचे बेणेप्लॉट दाखवायला गेल्या महिन्यात आमच्या भागातले चार शेतकरी घेऊन कराड तालुक्यात गेलो होतो. परतताना शेणोलीला रेल्वेच्या कडेचे छोटे स्मारक पाहिले. 7 जून 1943 रोजी तुफान सेनेच्या पोरांनी इथे रुळावर दगड रचून सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. मंडळी त्या गोष्टीत रंगली. पत्री ठोकण्याच्या गोष्टीही निघाल्या, त्या आपल्याकडे चवीने सांगतात.

पण नुसत्या लुटीवर नि पत्रीवर प्रतिसरकार तीन वर्षे टिकले असते का? तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, 1946 पर्यंत ते चालले, कारण लोकांची कामे गावातच होत. सावकाराकडच्या गहाण जमिनी सोडवून दिल्या. कमी खर्चाची गांधी लग्ने लावली, कारण लग्नाच्या कर्जापायीच जमीन जाई. तंटे गावकऱ्यांसमक्ष मिटत, तारखा पडत नसत. क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे तलाठी, 1930 साली नोकरी सोडलेले. कुणाची जमीन कशात अडकते हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. शिक्षा मात्र काही वेळा फार कडक झाल्या, त्यांचे समर्थन मी करणार नाही.

आमच्या चौघांतले दोघे एकाच भावकीतले. आज्यांनी तोंडी जमीन अदलून घेतली, सातबारा तसाच राहिला. कसतो एक, नाव दुसऱ्याचे. त्यामुळे पीककर्ज नाही, ठिबकचे अनुदान नाही, वर कोर्टाच्या चकरा. दोघांनी स्मारकाला हात जोडले, पण जीपमध्ये एकमेकांशी शब्द नाही.

अशाच घोळासाठी 2023 साली शासनाने सलोखा योजना आणली. ताबा 12 वर्षांचा हवा नि दोघांची संमती हवी. मग अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक 1000 रुपये नि नोंदणी 1000 रुपये. पंचनामा तलाठी नि मंडळ अधिकारी करतात. मुदत मात्र तलाठी कार्यालयात विचारून घ्यावी. गावात हे माहीत किती जणांना? ग्रामसभेत एकदा वाचून दाखवायला काय हरकत आहे?

पेरणीआधी भाऊसाहेब, सरपंच नि पोलीस पाटील त्या बांधावर येणार असतील तर मीही येतो. त्या दोघांनाही विचारले. येतो म्हणाले, पण वेगवेगळे.