मूळ गाव कोणतं?

मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने ज्या प्रसंगावर वर्षानुवर्षे हशा वसूल केला, तो भावी जावयाच्या पहिल्या भेटीचा प्रसंग आम्हांला अलीकडे हसवेनासा झाला आहे. प्रसंग सर्वांच्या परिचयाचा: सोफ्याच्या कडेवर अवघडून बसलेला तरुण, वर्तमानपत्रावरून रोखून पाहणारे वडील, 'घ्या ना, संकोच करू नका' असे म्हणत संकोच दुप्पट करणारी आई आणि दाराआडून खुणा करणारी मुलगी. तरुणाच्या हातून चहा सांडतो आणि प्रेक्षागृह खूश होते. आमचा आक्षेप हशाला नाही. तो कोणाच्या वाट्याला येतो याला आहे. आपण परीक्षार्थ्याला हसत आलो, परीक्षकाला क्वचितच हसलो.

आम्ही वसई-विरार पट्ट्यात शिकवतो. येथे ही परीक्षा बहुधा एकाच प्रश्नाची असते: 'मूळ गाव कोणतं?' प्रश्न भूगोलाचा वाटतो; असतो जातीचा. गाव सांगितले की आळी विचारली जाते आणि आळी कळली की आडनावाचीही गरज उरत नाही. आमच्यापैकी एकाने वीस वर्षांपूर्वी विरारच्या एका दिवाणखान्यात गाव, तालुका, जिल्हा असे सारे सांगून टाकले आणि तेवढ्याने भागेना म्हणून पिनकोडही सांगितला. गृहस्थ शांतपणे म्हणाले, 'ते झालं हो. पण तुमचं कुलदैवत?'

गंमत अशी की याच भूमीत सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, हे दोन्ही समाज कादोडी ही एकच बोली बोलतात. पोर्तुगीज अमलात धर्म बदलला, बोली टिकली. या दोन समाजांतल्या तरुण-तरुणीने एकमेकांना निवडले, तर दोन्हीकडचे वडील नकार देतील तो एकाच बोलीत, कदाचित एकाच शब्दांत! एवढे आयते विनोदी नाट्य दाराशी असताना आपल्या लोकप्रिय विनोदाला पुरते ते 'मुंबई-पुणे-मुंबई'मधले (२०१०) दोन शहरांचे अंतर. चित्रपट गोड आहे, याबद्दल वाद नाही. पण ते अंतर एक्स्प्रेस वेवरून पार होते. आळीतले होत नाही.

तेंडुलकरांनी 'कन्यादान'मध्ये (१९८३) हा दिवाणखाना गांभीर्याने पाहिला. समाजवादी नाथ देवळालीकरांच्या घरी ज्योती दलित कवी अरुण आठवलेला घेऊन येते. ज्योतीची आई सेवा उत्पन्नाची आणि घराची चौकशी करते. अरुण दारू गाळून विकण्याचे बेत ऐकवतो. परीक्षार्थ्याने परीक्षेचीच थट्टा करण्याचा आमच्या लेखी मराठी नाटकातला हा विलक्षण क्षण आहे. परंतु पुढे अरुणला क्रूर पती करून नाटक परीक्षकांच्याच मनातली भीती खरी ठरवते. नाथांच्या आदर्शवादाची चिकित्सा होते. सेवेच्या प्रश्नपत्रिकेची होत नाही. या नाटकाला सरस्वती सन्मान मिळाला, त्यावर दलित समीक्षकांची कठोर टीकाही झाली. आम्हांला ती टीका आजही अनुत्तरित वाटते.

कोणी म्हणेल, आईवडिलांनी काही विचारूच नये काय? अवश्य विचारावे. रागावलात की कसे वागता? हिचा पगार तुमच्यापेक्षा जास्त झाला तर चालेल ना? आजारपणात पेज करता येते का? हे प्रश्न मुलीच्या सुखाशी संबंधित आहेत, कुलदैवत नाही.

२०२२ मध्ये वसईच्या एका तरुणीची दिल्लीत झालेली हत्या उघडकीस आली, तेव्हा 'आईवडिलांचं ऐकलं असतं तर' हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्येही घुमले. १३ डिसेंबर २०२२ रोजी शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर काही दिवसांतच 'आंतरजातीय' हा शब्द वगळला. त्या कुटुंबाच्या दुःखावर भाष्य करण्याचा आम्हांला अधिकार नाही. आम्ही बोलतो आहोत ते आपल्या सर्वांच्या घरांविषयी. संकटातल्या मुलीला आधी परतायला दार लागते. पहिल्याच चहाला ज्या दारात जात तपासली जाते, तेथे मुले दुसऱ्यांदा चहाला येत नाहीत. आणि चहाला न आलेली मुले संकटातही येत नाहीत.

आमच्यापैकी काहींच्या मुली आता सतरा-अठरा वर्षांच्या आहेत. उद्या त्या सोफ्यासमोर वर्तमानपत्र घेऊन आम्हीच बसलेले असू. जातिअंतावर वर्गात दिलेली व्याख्याने त्या वेळी कितपत आठवतील, याची खात्री आम्हीही देऊ शकत नाही. तेव्हा 'मूळ गाव कोणतं?' हा प्रश्न आमच्या जिभेवरून निसटलाच, तर हशा त्या मुलावर नव्हे, आमच्यावर व्हावा.